‘कामून’ राहू द्या

मृगाच्या तोंडावर गावाकडच्या ग्रुपवर एक भांडण ठरलेलं असतं. यंदा निमित्त सोयाबीनच्या उगवण चाचणीच्या व्हिडिओचं. परभणीकडचं एक पोरगं गोणपाट उलगडून विचारतंय, “आता हे दाणे कामून उगवले नाहीत?” त्यावर शिकल्यासवरल्या मंडळींचा शेरा: पोराला जरा शुद्ध बोलायला सांगा, बाहेरचे लोकही बघतात.

बाहेरचा म्हणजे मीच की. झुरिचहून सांगतो, त्याच्या भाषेला हात लावू नका. इथं सार्वजनिक वाहिनीवर हवामानाचा अंदाज स्विस जर्मन बोलीत सांगतात. सेराफेला, म्हणजे रेडिओ-टीव्हीची फी गोळा करणाऱ्या संस्थेला, वर्षाला ३३५ फ्रँक भरून लोक तो ऐकतात आणि बोलीची लाज कुणाला वाटत नाही. आपल्याकडं मात्र मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या माणसानं कॅमेरा दिसला की पुण्याचं तोंड लावायचं!

व्हिडिओ फसलाय, पण भाषेनं नाही. सुरुवातीचे २० सेकंद फिरतं बोधचिन्ह, गाणं आणि “नमस्कार शेतकरी बांधवांनो” यात गेले. तेवढ्यात बघणाऱ्याचा अंगठा पुढं सरकतो. पहिल्याच दृश्यात न उगवलेले दाणे दिसायला हवेत.

दुसरी चूक आवाजाची. फोन दहा-बारा फुटांवर आणि जूनचं वारं, म्हणजे नुसती घरघर. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावायचा, त्याला फोमची टोपी घालायची. माइक नसेल तर दुसऱ्या फोनवर रेकॉर्डर चालू करून तो सदऱ्याच्या खिशात ठेवायचा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवायची. एडिटिंगमध्ये त्या टाळीवर आवाज आणि चित्र जुळतं. चित्र थोडं अंधूक असलं तर माणूस चालवून घेतो. आवाज कळला नाही तर थांबत नाही. चार हजारांचा माइक सोडून ड्रोन भाड्यानं आणणाऱ्यांना हे कोण सांगणार?

भर दुपारी टोपीखाली डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात, म्हणून सकाळी नऊच्या आत उरकावं. घरात ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की ते जातात. दाणे जवळून दाखवताना फोन अगदी दाण्यांजवळ नेला तर फोकस सुटतो; हातभर मागं सरून दुप्पट झूम करावा आणि पडद्यावर बोट दाबून फोकस कुलूपबंद करावा.

आता मजकूर. १०० दाणे मोजताना दिसले पाहिजेत, दहा-दहाच्या ओळीत, ओल्या गोणपाटावर. मग गुंडाळी, सावली, रोजचं पाणी. सहाव्या दिवशी उलगडून मोजणी. ७० किंवा जास्त चांगले कोंब आले तर एकरी ३० किलो बियाणं. ६० आले तर ३५ किलो. हे आकडे नुसते बोलून भागत नाही, पडद्यावर मोठ्या अक्षरांत हवेत. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, मळणीत आणि पोती आपटताना दाणा दुखावतो. त्या पोराच्या ‘कामून’चं उत्तर एवढंच, आणि तेच व्हिडिओत कुठं नाही.

हंगाम आणि तारीखही पडद्यावरच लिहावी. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होताना शीर्षक, वर्णन बरेचदा गळून पडतं आणि तीन वर्षांपूर्वीचा पाऊस यंदाचा म्हणून फिरतो. ७५ ते १०० मिलिमीटर पावसाची वाट न बघता कुणी त्या जुन्या व्हिडिओवर विसंबून पेरलं, तर दुबार पेरणीचा खर्च व्हिडिओवाला देत नाही.

एक गोष्ट मघाशी सांगितली नाही, सोयीची नव्हती म्हणून. त्याच स्विस वाहिनीच्या मुख्य बातम्या प्रमाण जर्मनमध्ये असतात. बोलीला जागा आहे, पण ठरलेली. आणि ती बोली मला येत नाही. मी प्रमाण जर्मनवर भागवतो, म्हणजे इथला ‘बाहेरचा’ही मीच. गावाकडच्या बोलीची एवढी वकिली केली, तीही प्रमाण मराठीत. ‘कामून’ आता अवतरणचिन्हात घालूनच लिहिता येतं. त्या पोराला ते घालावं लागत नाही, आणि खरं सांगायचं तर थोडा जळफळाट त्याचाही आहे.