काठीपुराण

काठी ही वस्तू दुकानात जाऊन निवडावी लागते, हे मला फार उशिरा पटले. जंगलात थोडे वाकले की काठी हाती लागते, असा मानवजातीचा हजारो वर्षांचा अनुभव आहे, आणि त्यावर माझी श्रद्धा होती. मात्र डोंगर उतरताना माझे गुडघे अलीकडे ज्या भाषेत बोलू लागले होते ती चारचौघांत उच्चारण्याजोगी नसल्यामुळे मी ट्रेकिंग पोलच्या वाटेला गेलो. उतारावर अशा काठ्या वापरल्यास गुडघ्याच्या सांध्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांनी घटतो, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. अर्थात हा भार सेवानिवृत्त होत नाही. त्याची केवळ हातांकडे आणि खांद्यांकडे बदली होते, आणि तेथील कर्मचाऱ्यांना त्याची पूर्वसूचना कोणी देत नाही.

एक घ्यावी की जोडी, हा प्रश्न मात्र लगेच सुटला. हातात एक काठी असली तर माणूस वयस्कर दिसतो आणि दोन असल्या तर गिर्यारोहक दिसतो, त्यामुळे तोल दोन्ही बाजूंनी सावरला जातो वगैरे शास्त्रीय कारणे ऐकण्यापूर्वीच मी जोडीच्या बाजूने कौल दिला होता.

खरी परीक्षा साहित्यापासून सुरू झाली. अ‍ॅल्युमिनियमची काठी थोडी जड असते आणि खडकाच्या फटीत अडकून तिच्यावर ताण आला तर बहुधा वाकते. कार्बन फायबरची काठी हलकी असते, दगडावर आपटल्याचे हादरे हाताला कमी जाणवू देते, पण मर्यादेपलीकडे ताण पडला की सरळ तुटते. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा मला व्याख्यानांत नेहमीच आवडत आला आहे, परंतु निसरड्या उतारावर सारे शरीर जिच्या भरवशावर सोडायचे, तिच्या अंगी हा बाणा असू नये असे माझे स्पष्ट मत झाले. वाकलेली काठी निदान घरापर्यंत सोबत करते. मी अ‍ॅल्युमिनियम निवडले आणि विक्रेत्याच्या नजरेतून एक पायरी खाली उतरलो.

त्यानंतर लांबी. बुटांसह ताठ उभे राहून काठीचे टोक पायाजवळ टेकवावे आणि कोपर काटकोनात यावे, एवढा सोपा नियम आहे; पण काटकोन बरोबर आला आहे की नाही हे ज्याचा कोपर त्यालाच दिसत नाही, आणि वाकून पाहू लागले की काटकोन राहत नाही. उंचीला ०.६८ ने गुणण्याचाही एक हिशेब आहे, त्याप्रमाणे १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला सुमारे ११५ सेंटिमीटरची काठी लागते. हा हिशेब पक्का होतो न होतो तोच असे कळते, की तो सपाटीपुरता आहे. चढावर काठी पाच ते दहा सेंटिमीटर आखूड करावी आणि उतारावर तेवढीच लांब करावी. डोंगराने चढ आणि उतार यांची दोन सलग भागांत विभागणी केली असती तर हे पथ्य पाळता आले असते. प्रत्यक्षात ते काटेकोरपणे पाळणारा मनुष्य चालणे सोडून दिवसभर काठीच लहानमोठी करत बसेल.

म्हणूनच लांबी जागच्या जागी पक्की करणारी यंत्रणा महत्त्वाची. पिळून घट्ट होणाऱ्या नळ्या दिसायला नेटक्या असतात, परंतु आत धूळ किंवा ओल शिरली की त्या ऐन भार पडताना हळूच आत सरकू शकतात, आणि आपली उंची अचानक वाढल्याचा आनंद फार वेळ टिकत नाही. बाहेरून दाबायचा खटका मला अधिक प्रामाणिक वाटला. तो बंद आहे की उघडा हे डोळ्यांना दिसते आणि सैल झाला तर स्क्रू आवळता येतो. मुठीवर मी फार विचार केला नाही. फोम घाम शोषतो, रबर घामट तळव्याला घासते, कॉर्क कालांतराने हाताचा आकार घेतो; कॉर्क घेतला. मनगटाच्या पट्ट्यात हात वरून नव्हे तर खालून घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची, म्हणजे भार बोटांवर न येता पट्ट्यावर येतो, हे मात्र मला विक्रेत्याने तीनदा दाखवले, आणि तिन्ही वेळा माझा हात वरूनच गेला.

अखेर जोडी बांधून घेतली, तेव्हा कळले की टोकांवरची रबरी टोपणे चिखलात किंवा दगडांत हमखास गळून पडतात, म्हणून जास्तीची जवळ ठेवलेली बरी. मी सुटकेचा नि:श्वास टाकून ती मागितली. विक्रेत्याने खणातून एक डबा काढला आणि अत्यंत नम्रपणे विचारले, “सर, गोल हवीत, चपटी हवीत, की बुटाच्या आकाराची?”