म्युनिकच्या तपकिरी डब्यात हिरवी पिशवी चालत नाही

बेळगावात कचऱ्याचा विषय निघाला की वादाला दोन तोंडं फुटतात. एक पक्ष म्हणतो, लोकांना शिस्तच नाही. गाडी दारात येते, तरी रात्री स्कूटरवरून जाता जाता कोपऱ्यावर पिशवी भिरकावतात. दुसरा म्हणतो, परदेशात बघा, घरोघरी कुजणारी, म्हणजे कंपोस्टेबल, हिरवी पिशवी असते. आपल्या महापालिकेनंही ती फुकट वाटावी, म्हणजे प्लास्टिक जाईल आणि वासही जाईल. पहिल्या पक्षाशी आमचं भांडण नाही. दुसऱ्याची गफलत अशी की ज्या जर्मनीचा तो हमखास दाखला देतो, तिथल्या म्युनिक शहरात ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात ही पिशवी टाकायला मनाई आहे. बर्लिनमध्येही तेच. कचरा वर्तमानपत्रात गुंडाळा नाहीतर कागदी पिशवीत भरा, असं तिथली यंत्रणा सांगते.

कारण पिशवीवरच छापलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही. ‘ईएन १३४३२’ हे युरोपीय मानक म्हणतं की कंपोस्टच्या गरम ढिगात १२ आठवड्यांत पिशवीचा ९० टक्के भाग २ मिलिमीटरच्या चाळणीतून पार झाला पाहिजे. पूर्ण विघटनाची चाचणी ५८ अंशांच्या आसपास चालते आणि तिला सहा महिन्यांपर्यंत मुदत असते. जर्मनीतल्या बऱ्याच प्रकल्पांत कचरा १२ आठवडे थांबतच नाही. आधी त्यातून बायोगॅस काढतात, मग काही आठवडे कुजवतात आणि चाळतात. चाळणीवर अर्धवट विरलेली हिरवी पिशवी आणि साधी प्लास्टिकची पिशवी सारख्याच दिसतात. दोन्ही उचलून जाळायला जातात, चिकटलेल्या चांगल्या कचऱ्यासकट. त्यात १ मे २०२५ पासून नियम कडक झालाय. घरांतून गोळा केलेल्या ओल्या कचऱ्यात प्रक्रियेआधी प्लास्टिक १ टक्क्याच्या वर नको.

मग मिलानमध्ये ती का चालते? तिथे २०१२ ते २०१४ या काळात शहरभर स्वयंपाकघरातला कचरा वेगळा उचलायला सुरुवात झाली आणि घरोघरी १० लिटरचा जाळीदार डबा आला. उचल आठवड्यातून दोनदा. शिवाय इटलीत दुकानातली हलकी पिशवी कायद्यानंच कंपोस्टेबल असते, त्यामुळे भाजी आणलेली पिशवीच डब्याला अस्तर म्हणून लागते. वेगळी विकत घ्यावी लागत नाही. डबा, पिशवी, गाडीची वेळ, प्रकल्पातली यंत्रं ही सगळी साखळी एकमेकींच्या मापानं बेतलेली आहे. आपल्याकडे साखळीची एक कडी उचलून आणायची भाषा चालते.

आता वासाचं. ओल्या कचऱ्यात तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. गाठ मारलेल्या पिशवीतली हवा काही तासांत जंतू वापरून टाकतात, आणि मग हवेवाचून जगणाऱ्या जंतूंचं राज्य सुरू होतं. भात-भाकरी, फळं यांपासून आंबूस आम्लं तयार होतात. खवट लोण्यासारखा जो वास येतो तो ब्युटिरिक आम्लाचा. कांदा, कोबी, अंडी यांतल्या गंधकातून सडक्या अंड्याचा वास. मासळीतून ट्रायमिथाइलअमाइन. हे तीन वेगळे वास आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे, हे लक्षात न घेता लोक सगळ्यावर फिनेल ओततात. फिनेलनं नाकाची फसवणूक होते, आणि पुढे त्याच कचऱ्याचं खत करायचं असेल तर खत करणाऱ्या जंतूंनाही मार बसतो.

कंपोस्टेबल पिशवीचा वासाशी संबंध एवढाच की तिच्यातून पाण्याची वाफ थोडीथोडी बाहेर पडते. चारी बाजूंनी हवा लागणाऱ्या डब्यात ती टांगली तर कचरा सुकतो आणि सुकला की कुजणं मंदावतं. बंद बादलीत कोंबली तर साध्या प्लास्टिकपेक्षा ती काहीही बरी नाही. बेळगावची खरी अडचण इथे येते. एप्रिल-मे महिन्यांत ही युक्ती चालेल, पण जुलैत? टिळकवाडीत भिंतीवर बुरशी चढते, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे बादलीतली केळीची साल कुठून वाळणार? हवाच ओली असेल तर वाफ जायला जागा नसते. उलट पिशवीच ओल धरून मऊ पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडातून सुटते.

म्हणून पिशवीआधी पाणी. चौघांच्या घरात रोज साधारण किलोभर ओला कचरा धरा. सिंकमध्ये एक चाळण ठेवायची, चहाचा चोथा, भाजीची देठं, ताटातलं उरलेलं तिच्यात पंधरा-वीस मिनिटं निथळू द्यायचं. आमटी, ताक, सांबार कचऱ्यात कधीच जाऊ नये. निम्मा वास या एका सवयीनं संपतो. मग ८ ते १० लिटरची प्लास्टिकची बादली. बुडापासून चार बोटं वर भोवताली आणि झाकणाला ६ मिलिमीटरची दहा-बारा भोकं पाडायची आणि आतून जुन्या सुती साडीचा तुकडा चिकटवायचा. मच्छरदाणीच्या जाळीनं माशी अडते, पण आंब्याच्या दिवसांतली चिलटं आरामात आत जातात. तळाला एखादी जुनी इडलीची ताटली उपडी ठेवली की कचरा स्वतःच्या रसात बसत नाही. वर वर्तमानपत्राची चार पानं आडवी-उभी. ‘तरुण भारत’ घाला की ‘विजय कर्नाटक’, शोषण्यात दोन्ही सारखेच. चकचकीत पुरवण्या मात्र नकोत, त्यांना पाणी लागत नाही.

कचऱ्याच्या प्रत्येक थरावर दोन मुठी कोरडं काहीतरी टाकायचं. आपल्या भागात भाताचं तूस मुबलक म्हणून पुष्कळ जण तेच सुचवतात. पण तुसावर सिलिकाचा आणि मेणाचा थर असतो, ते पाणी फारसं पीत नाही. त्याचा उपयोग कचऱ्यात हवेची पोकळी राखण्यापुरता. पाणी शोषायला लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा चुरा हवा. एक भाग तूस, दोन भाग भुसा हे मिश्रण चांगलं. प्लायवुड किंवा रंगकाम केलेल्या लाकडाचा भुसा घेऊ नका. रसाच्या गाड्यावरचं ताजं चिपाड तर मुळीच नको, त्यातली साखर आंबते आणि मुंग्यांची रांग लागते.

चुन्याबद्दल एक सावधगिरी. आंबूस आणि गंधकाचा वास चुन्यानं दबतो, चमचाभर विझलेल्या चुन्याची भुकटी पुरते. (कळीचा चुना ओल्यावर टाकायचा नाही, तो तापतो आणि भाजतो.) पण गोव्या-कारवारची मासळी घरात आली त्या दिवशी चुना आणि खायचा सोडा दोन्ही दूर ठेवा. मासळीचा वासाचा घटक क्षारधर्मी आहे. चुना पडला की तो आणखी सुटतो आणि घरभर होतो. त्याला आम्ल लागतं. बांगड्याची डोकी आणि आतडी कागदावर घ्यायची, दोन चमचे व्हिनेगर किंवा चिंचेचा कोळ शिंपडायचा, पुडी घट्ट बांधायची आणि गाडी येईपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवायची. फ्रीजरचं नाव काढलं की घरात भांडण होतं, हे ठाऊक आहे. तरी उपाय तोच. उन्हाळ्यात घरमाशीची अंडी दिवसाच्या आत फुटतात.

विकतची कंपोस्टेबल पिशवी आपल्याकडे मासळी-मटणाच्या दिवशी, किंवा चौथ्या मजल्यावरून बादली खाली नेणं जमत नाही अशा घरी कामाची. घेताना नुसता ‘बायोडिग्रेडेबल’ हा शब्द पाहू नका. ‘आयएस/आयएसओ १७०८८’ हे मानक, उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. ‘ऑक्सो’ लिहिलेली पिशवी म्हणजे तुकडे होणारं प्लास्टिक. युरोपीय संघानं २०२१ पासून त्यावर बंदी घातली आहे. उत्पादनाची तारीखही बघा. वर्षभर गॅसच्या शेगडीजवळच्या कपाटात पडलेला रोल उलगडतानाच फाटतो. पिशवीत गरम काही ओतायचं नाही, तोंड नुसतं दुमडून ठेवायचं, गाठ मारायची ती खाली नेताना. आणि परसातल्या खड्ड्यात किंवा गच्चीवरच्या कुंडीत ती जशीच्या तशी टाकू नका. तिथे ५८ अंश कधीच होत नाहीत, पिशवी महिनोन्महिने तशीच सापडते.

राहिला महापालिकेचा प्रश्न. प्लास्टिक कॅरीबॅगवर कर्नाटकात मार्च २०१६ मध्ये बंदी आली, महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये. तरी निपाणीच्या बाजारातून मेथीची जुडी पातळ पिशवीतूनच घरी येते. बंदी दोन्ही राज्यांची, पिशवी मात्र कुठल्याच राज्याची नाही. अशात हिरव्या पिशव्या वाटल्या तर गाडीवरच्या पौरकार्मिकानं (सफाई कामगारानं) खरी कोणती, खोटी कोणती हे दोन सेकंदांत कसं ओळखायचं? तो दोन्ही घेईल नाहीतर दोन्ही परत देईल. ‘कोणती पिशवी’ हे ठरवण्याआधी तुरमुरीच्या कचरा प्रकल्पात ती फाडून, चाळून बाजूला काढायची सोय किती, हे ठरवलं पाहिजे. तोवर नियम एकच ठेवावा: ओला कचरा गाडीत सुटा पडेल. कागदासकट चालेल. ज्यांना पिशवी हवीच आहे त्यांनी ती गाडीच्या ओल्या कप्प्यावर उपडी करावी आणि रिकामी पिशवी पौरकार्मिकाच्या हातात न देता कोरड्या कप्प्यात स्वतः टाकावी.