हवा छान आहे, दारं लावा

पाऊस पडला म्हणून कुरकुरणारी माणसं मी साताऱ्यात लहानपणापासून पाहिली. ऊन पडलं म्हणून हळहळणारी माणसं पाहायला मात्र टोकियो गाठावं लागलं. आता मीही त्यांच्यातलाच. फेब्रुवारी ते एप्रिल मी रोज रडतो, तेही कुठल्याच दुःखाशिवाय.

कारण एक झाड आणि त्याच्या परागांची ॲलर्जी. सुगी, म्हणजे जपानी सीडर. दिसायला सरळ, उंच, सज्जन. महायुद्धानंतर जपानचे डोंगर बोडके झाले होते, घरांना लाकूड हवं होतं, म्हणून डोंगरच्या डोंगर सुगीने भरून टाकले. झाडं तोडायला येईतो परदेशातलं स्वस्त लाकूड बाजारात आलं आणि ही मंडळी जागीच राहिली. तिशी उलटली की सुगीला नरफुलं भरघोस येऊ लागतात. वेळेत मार्गी न लागलेल्या पोरांनी गावाला ताप द्यावा, तसला हा प्रकार. १९६४ साली निक्को शहरातल्या रुग्णांवरून या ॲलर्जीची पहिली नोंद झाली. २०१९च्या पाहणीत जवळजवळ ३९ टक्के लोक तिच्या तावडीत सापडलेले होते.

इथे आल्याआल्या ही ॲलर्जी धरत नाही. शरीर काही मोसम गुपचूप हिशेब ठेवतं आणि एका सकाळी एकदम वसुलीला बसतं. नवी आलेली आयटीतली पोरं आम्हा मास्कवाल्यांना हसतात. मी काही बोलत नाही. पोरांचा व्हिसा लांबचा आहे.

सगळा खेळ हवेचा. झाडाला कॅलेंडर कळत नाही, बेरीज कळते. १ जानेवारीपासून रोजचं कमाल तापमान मांडत जायचं. बेरीज ४०० अंशांच्या आसपास गेली की पराग सुटायला लागतात, असा इथला ठोकताळा आहे. म्हणून जानेवारीत एखादा उबदार दिवस आला की शेजारीपाजारी बागेत फिरायला जातात आणि आमची बायको वहीत आकडा लिहिते. "आज चौदा," ती म्हणते. शेअर बाजारात घर बुडाल्याचा सूर.

पण खरा अन्याय त्याच्याही आधीचा आहे. ही नरफुलं धरतात आदल्या जुलै-ऑगस्टमध्ये. उन्हाळा कडक आणि लख्ख गेला की फुलं जास्त. म्हणजे ऑगस्टमध्ये घामाने निथळत जे भोगलं, त्याचं फळ पुन्हा मार्चमध्ये भोगायचं. कर्मसिद्धान्तात निदान मधे पाप करायची सोय तरी असते.

पाऊस लागला की पराग खाली बसतात आणि मी माणसांत येतो. भीती असते ती पावसानंतरच्या दिवसाची. ऊन, वारा, कोरडी हवा. काल अडकून पडलेली फुलं आज दोन दिवसांचा माल एकदम सोडतात, शिवाय काल जमिनीवर बसलेले परागही वाळून पुन्हा उठतात. मातीने ते गिळले असते, पण टोकियोत माती आहे कुठे? डांबरावरून गाडी गेली की ते उडतात, मी चाललो तरी उडतात. दिवसातून भरती दोनदा. सकाळी डोंगरात सुटलेले शहरात पोचतात दुपारच्या सुमारास. वर तरंगत राहिलेले सूर्य मावळून हवा निवली की खाली उतरतात. एकदा जेवणाच्या सुट्टीत, एकदा घरी जाताना. ऑफिसच्या वेळा झाडाला कुणी कळवल्या, हे शोधायला हवं.

जपानी माणूस शिंकतोसुद्धा अदबीने. माझी शिंक साताऱ्याची आहे. मीटिंगमध्ये ती आली की आधी सगळे दचकतात, मग मला काही झालंच नाही असं दाखवतात. ते जास्त लागतं.

आईला फोनवर सांगितलं, झाडामुळे नाक वाहतंय.

"झाडाखाली झोपला होतास का रे?"

"नाही गं, झाड इथून साठ किलोमीटरवर आहे."

आई जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "थांब, बाबांकडे देते."

आणि याच धामधुमीत पाडवा! मार्चमध्ये बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत, गाद्या उन्हात टाकू नयेत, असं इथे जो तो बजावतो. आपला सण काय सांगतो? घरातलं सगळ्यात भारी वस्त्र काठीला बांधा, उंच, वाऱ्यावर, दिवसभर. आणि उतरवायचं कधी, तर सूर्यास्ताला, ऐन दुसऱ्या भरतीत. "ही घरात कशी घ्यायची?" बायकोने चष्मा-मास्क लावून विचारलं. पैठणी झटकावी तर पराग, धुवावी तर पैठणी. शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून तिची रवानगी ड्रायक्लीनिंगला झाली. जेवताना श्रीखंडातलं केशर कळलं नाही, वेलदोडा कळला नाही. कडुनिंब मात्र व्यवस्थित कडू लागला.

२०२३ साली सरकारने जाहीर केलं की १० वर्षांत सुगीची वनं २० टक्क्यांनी घटवायची आणि ३० वर्षांत पराग निम्म्यावर आणायचे. बायकोने त्याच वहीत हिशेब करून सांगितलं, "तुझ्या पंचाहत्तरीला अर्ध्याच शिंका!" परवा टीव्हीवरची हवामानवाली बाईसुद्धा हसून म्हणाली, सुगीचा भर आता ओसरलाय. मी हात जोडणार, तेवढ्यात तिने नकाशा बदलला. उद्यापासून दुसऱ्या झाडाचे, हिनोकीचे पराग.