लेकराचा जबाब एकदाच आणि नीट घ्यायचा असेल, तर जिल्ह्याने त्यासाठी पैसे ठेवायला हवेत

जिल्हा नियोजन समितीच्या बैठका साधारण जानेवारीत होतात. नगरपालिका आणि जिल्हा परिषदांची अंदाजपत्रकं फेब्रुवारी-मार्चमध्ये बसतात. आकडे एकदा पक्के झाले की पुढे वर्षभर कुणी हलवत नाही, म्हणून हे आधीच लिहिते आहे. पोस्ट लांब आहे. वाचा, आणि पटलं तर तुमच्या नगरसेवकापर्यंत, झेडपी सदस्यापर्यंत पोचवा.

मागणी साधी आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलामुलींचा जबाब घ्यायला आणि खटला संपेपर्यंत त्यांच्या पाठीशी उभं राहायला जिल्ह्याच्या ठिकाणी एक कायमचं केंद्र हवं. आणि तिथल्या माणसांचा पगार जिल्ह्याच्या स्वतःच्या निधीतून, दरवर्षी, न चुकता मिळायला हवा. माणसांचा पगार हे मुद्दाम म्हणते आहे. इमारतीचं पुढे बोलेनच.

मी पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या केसेसमध्ये सपोर्ट पर्सन म्हणून काम करते. संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचे निर्णय घेणारी जिल्ह्याची बालकल्याण समिती आमची नेमणूक करते. पोलीस ठाण्यापासून निकालापर्यंत त्या घरासोबत राहायचं, पुढची तारीख कधी आहे, सरकारी वकील काय म्हणाले, पीडितांना सरकारी मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज कुठे अडकला, हे घरच्यांना समजेल अशा भाषेत सांगायचं, असं आमचं काम. जिल्ह्याचं नाव मी लिहिणार नाही. आमच्याकडे गावं लहान आहेत, चार खुणा सांगितल्या तरी लेकरू ओळखू येतं. खाली जे सांगते त्यातले तपशीलही बदलले आहेत.

चौथीतली एक मुलगी. तिने पहिल्यांदा आईला सांगितलं. आईने मावशीला बोलावलं, मावशीपुढे पुन्हा सांगायला लावलं. मग सरपंच. मग ठाण्यात दारावरच्या हवालदाराने ‘काय झालं?’ विचारलं, आत ठाणे अंमलदाराने विचारलं, मग महिला पीएसआय आल्या, त्यांनी जबाब घेतला. सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी केसपेपरवर हकिगत लिहायला पुन्हा विचारलं, ड्युटी बदलली म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनीही विचारलं. बालकल्याण समिती झाली. न्यायाधीशांसमोरचा जबाब झाला. पुढे सरकारी वकिलांनी साक्षीची तयारी म्हणून विचारलं. तोवर ती हे सगळं पाठ केलेल्या कवितेसारखं, एका सुरात, मध्ये न थांबता सांगायला लागली होती. आणि उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी नेमकं तेच पकडलं: ‘बाळा, हे तुझ्याकडून कुणी पाठ करून घेतलं?’

यातल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता. प्रत्येकाला आपापला कागद भरायचा होता. त्या महिला पीएसआयबद्दल तर मला आदरच आहे. वर्दी काढून साध्या ड्रेसमध्ये आल्या, मुलीला बिस्किटं दिली. पण बसायला खोली नव्हती. मागे जप्त केलेल्या मुद्देमालाची खोली होती, तिथे दोन खुर्च्या टाकल्या. मधूनमधून फोन वाजत होता, कारण दुसऱ्या दिवशी विसर्जनाचा बंदोबस्त होता. अशा खोलीत, इतक्या घाईत, मोठ्या माणसालाही मनातलं सांगता येणार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. पोक्सो 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. कलम 24 प्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, ती पीएसआयच्या खालच्या दर्जाची नको आणि अंगावर वर्दी नको. कलम 26 सांगतं की आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस जवळ हवं, गरज पडली तर दुभाषा किंवा विशेष शिक्षक हवा, आणि शक्य असेल तिथे जबाबाचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं. कलम 33 म्हणतं की मुलाला साक्षीसाठी पुन्हा पुन्हा कोर्टात बोलावू नका. कलम 36 म्हणतं की साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेला पडता कामा नये. कायद्यात कुठे काही कमी ठेवलेलं नाही. कमी आहे ती खोली, कॅमेरा, दुभाषा आणि मुलांशी बोलायला शिकलेलं माणूस. या चारही गोष्टींना पैसे लागतात.

मुलांशी बोलायला वेगळं काय शिकायचं, असं मला बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ‘काकांनी तुला इथे हात लावला का?’ असं विचारलं की संपलं. लहान मूल मोठ्यांना हवं ते उत्तर देतं, आणि असा एक प्रश्न पुढे अख्खी केस पाडू शकतो. जाणकार माणूस सुरुवात भलतीकडूनच करतं. पोळ्याच्या दिवशी काय काय केलंस, पहिल्यापासून सांग, म्हणतं. मूल सांगायला लागतं, तसं कळत जातं की हे किती तपशील सांगू शकतं, आधी-नंतर त्याला कळतं का, त्याचे शब्द कोणते आहेत. मग सांगायचं की मला माहीत नाही म्हणालास तरी चालेल, मी काही चुकीचं बोलले तर मला टोक. त्यानंतर हळूच मूळ गोष्ट, तीही उघड्या प्रश्नांनी: ‘आणि मग काय झालं?’ खोलीत खेळण्यांचा ढीग नको, मूल त्यातच रमतं. बुटक्या खुर्च्या, कोपऱ्यात छोटा कॅमेरा, आणि तपास अधिकारी शेजारच्या खोलीत पडद्यावर बघत बसलेले. त्यांना काही विचारायचं असेल तर ते आत निरोप देणार, आतलं माणूस योग्य वेळी विचारणार. म्हणजे डॉक्टर, समिती, पोलीस यांना जे हवं ते एकाच बैठकीत मिळतं आणि लेकराला घराघरात, टेबलाटेबलावर ते सांगत फिरावं लागत नाही.

ही पद्धत जगात जुनी आहे. अमेरिकेत अलाबामातल्या हंट्सव्हिल गावी 1985 मध्ये तिथले जिल्हा सरकारी वकील बड क्रेमर यांनी असं पहिलं केंद्र काढलं. आज त्या देशात अशी 900 हून अधिक केंद्रं आहेत. आइसलँडने 1998 मध्ये त्याच धर्तीवर ‘बार्नाहुस’ म्हणजे मुलांचं घर सुरू केलं आणि युरोपातल्या बऱ्याच देशांनी ते उचललं. आपल्याकडे हैदराबाद पोलिसांनी 2016 मध्ये ‘भरोसा’ केंद्र काढलं. समुपदेशन, जबाब, तपासणी, कायदेशीर मदत एका छताखाली आणली आणि पुढे त्याच आवारात बालस्नेही न्यायालयही सुरू झालं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर अपेक्षा चुकीच्या होतील. आपल्या कायद्यात नुसतं रेकॉर्डिंग दाखवून मुलाची कोर्टातली साक्ष टळत नाही. अपंग मुलांच्या बाबतीत न्यायाधीशांसमोरचा चित्रित जबाब सरतपासणीच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या वकिलांनी घेतलेल्या पहिल्या साक्षीच्या जागी धरता येतो, पण बाकीच्या मुलांना साक्षीला उभं राहावंच लागतं. तरीही पहिला जबाब नीट झाला असेल तर मधले सगळे फेरे वाचतात. आणि ‘पोलिसांनी पढवलं’ म्हणणाऱ्याला कोर्टात रेकॉर्डिंग दाखवता येतं.

सर्वोच्च न्यायालयाने यातला शेवटचा टप्पा कधीच हाती घेतला आहे. 2017 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, ऐकू-बोलू न शकणाऱ्या मुलीच्या प्रकरणात, असुरक्षित साक्षीदारांसाठी, म्हणजे मुलांसारख्या सहज दबणाऱ्या साक्षीदारांसाठी, वेगळी साक्ष केंद्रं काढायला सांगितलं. 11 जानेवारी 2022 च्या आदेशात प्रत्येक जिल्ह्यात असं कायम केंद्र हवं असं म्हटलं. तो खटलाही महाराष्ट्रातूनच गेलेला. पण ही केंद्रं कोर्टातली आहेत. मूल तिथवर पोचेपर्यंत जे महिने आणि वर्षं जातात, त्यांची जबाबदारी कुणावर आहे? कायद्याने विशेष न्यायालयाला शक्यतो वर्षभरात खटला संपवायला सांगितलंय. आमच्याकडे वर्षभरात कधीकधी साक्षही सुरू होत नाही.

तेवढ्या काळात काय घडतं ते मी रोज बघते. देशातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबीचे आकडे दरवर्षी सांगतात की पोक्सोच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत 90 टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीतलेच असतात. म्हणजे चुलता, शेजारी, शिकवणीचे सर. गावात रोज तोंड बघायचं. मग भावकी बसते, ‘पोरीच्या लग्नाचं काय’ निघतं, कधी पैसे पुढे केले जातात. बाप ऊसतोडीला जाणारा असेल तर दिवाळीच्या सुमाराला अख्खं घर कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात निघून जातं आणि समन्स गावातल्या बंद दाराला चिकटतं. तारखेला यायचं तर दोघांची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. साक्षीदार फितूर झाला असं पेपरात एका ओळीत येतं. त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं की त्या घराला दोन वर्षं कुणी फोनसुद्धा केला नाही.

पोक्सोच्या 2020 च्या नियमांत यावर उपाय लिहिलेला आहे. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बालकल्याण समिती ताबडतोब रक्कम देण्याची शिफारस करू शकते. सपोर्ट पर्सन, दुभाषा, तज्ज्ञ यांना कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी मानधन द्यायचं नाही, आणि ते बाल न्याय कायद्याच्या कलम 105 खालच्या निधीतून किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडच्या पैशातून द्यायचं, असं नियम सांगतो. प्रत्यक्षात फाइल फिरत राहते. माझ्या बरोबरीच्या एक समुपदेशक बाई होत्या. पावरी बोली उत्तम बोलायच्या, आदिवासी पाड्यांवरची लेकरं त्यांच्याशी मोकळी व्हायची. मानधन महिनोन्महिने थकलं. घरात शिकणारी दोन मुलं. शेवटी एका खासगी शाळेत लागल्या. त्यांच्याकडे ज्या केसेस होत्या त्या सगळ्या लेकरांना नव्या माणसाशी पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

म्हणून मी स्थानिक पैशाचा हट्ट धरते. पैसा नाही, हे मला कुणी सांगू नये. नियोजन समिती जी जिल्हा वार्षिक योजना ठरवते, तिच्यातला 3 टक्के निधी राज्य सरकारने महिला व बालविकासासाठी राखून ठेवायचं ठरवलेलं आहे. एखाद्या जिल्ह्याची योजना 300 कोटींची धरली तर 3 टक्के म्हणजे 9 कोटी होतात. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात, नगरपालिकांना 5 टक्के. जातात कुठे? शिलाई मशीन, सायकली, ब्युटी पार्लरचे क्लास, महिला मेळावे. शिलाई मशीनने घरं उभी राहतात हे मी पाहिलेलं आहे, त्याला माझा विरोध नाही. पण बालकल्याण हा शब्द असलेल्या निधीतून अत्याचार झालेल्या बालकासाठी रुपयाही निघत नसेल, तर नगरसेवकांना तसं विचारलंच पाहिजे.

आमदार-खासदार निधीतून इमारत सहज होते. एक नेते मला कौतुकाने म्हणाले, ताई, जागा सुचवा, वास्तू उभी करून देतो. त्यांची कळकळ खरी होती. पण खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठीच असतो, त्यातून पगार देता येत नाहीत. सीएसआरवाले, म्हणजे सामाजिक कामाला पैसे देणाऱ्या कंपन्या, दोन-तीन वर्षांचा प्रकल्प करतात, उद्घाटनाला येतात, नंतर त्यांचा विषय बदलतो. खटला मात्र चालूच असतो. मला नवी वास्तू नको. सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात रंगवलेल्या दोन स्वच्छ खोल्या द्या, आणि त्या खोल्यांत पाच-दहा वर्षं टिकतील अशी चार माणसं द्या.

हे अशक्य नाही, आपल्याच राज्यात झालेलं आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 च्या सुमाराला ‘सेहत’ या संस्थेने मुंबई महापालिकेच्या सोबतीने हिंसाग्रस्त बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. पुढे ते महापालिकेने आपल्या कारभारात घेतलं आणि इतर रुग्णालयांतही नेलं. संस्थेने वाट दाखवली, महापालिकेने खर्च उचलला. मुलांसाठी हेच करायचं आहे.

‘सखी वन स्टॉप सेंटर आहे की’ असं उत्तर हमखास येतं. ते चांगलंच आहे, पण ते महिला आणि मुलींसाठी आहे. पोक्सो मुलग्यांनाही लागू आहे. आठवीतल्या मुलाला घेऊन मी कुठल्या दारात जाऊ? मुलगे आधीच बोलत नाहीत, बोलले तर हसण्यावारी नेलं जातं, आणि त्यांच्यासाठी ठरवलेली जागाच नाही.

दुसरं उत्तर सीसीटीव्हीचं. बदलापूरला ऑगस्ट 2024 मध्ये चिमुरड्यांवर अत्याचार झाला, पालकांना तक्रार नोंदवायलाच तासन्तास लागले, लोक रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सरकारने लगेच शाळांना महिन्याभरात कॅमेरे लावायला सांगितलं. लावावेतच. पण बदलापूरच्या त्या पालकांना सगळ्यात आधी काय हवं होतं, ते आठवा. दार उघडून आत घेणारं, बसवणारं, ऐकून घेणारं कुणीतरी हवं होतं. आणि घरात, शेतावर, शिकवणीत कुठला कॅमेरा लावणार आहोत आपण?

मी नियोजन समितीला आणि नगरपालिकेच्या महिला व बालकल्याण समितीला निवेदन देणार आहे. त्यात स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात या खर्चाचा वेगळा रकाना, मागितलं आहे, म्हणजे हा पैसा वर्षअखेरीला दुसरीकडे वळणार नाही. जबाब घ्यायला प्रशिक्षण घेतलेल्या दोन जणी, एक समुपदेशक, कुटुंबांचा पाठपुरावा करणारा एक पूर्णवेळ कार्यकर्ता, स्थानिक बोलींच्या दुभाष्यांचं मानधन, आणि प्रवास व बुडालेल्या मजुरीसाठी हातात असलेली रक्कम, एवढं मागितलंय. निवेदनाचा नमुना हवा असेल त्यांनी मेसेज करा, पाठवते. तुमच्या जिल्ह्याचं नाव टाकून तुम्हीही द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका. माहितीच्या अधिकारात गेल्या तीन वर्षांचा महिला-बालकल्याण निधी कशावर खर्च झाला तेही मागवा. तो कागद हातात असला की बैठकीत आपलं ऐकतात.

आणि कुणाच्या घरात, शेजारी, वर्गात असं काही चाललंय अशी शंका आली तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. मुलाला खोदून खोदून विचारू नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं म्हणा आणि पुढचं शिकलेल्या माणसावर सोडा. कमेंटमध्ये कुणाचंही नाव, गाव, शाळा लिहू नका. मुलाची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे, आणि तशी कमेंट दिसली तर मी लगेच काढून टाकेन.