‘लिथियम टाका आणि विसरा’ हे ग्वाल्हेरात चालणार नाही

थंडी पडू लागली की ग्वाल्हेरातल्या आपल्या मराठी मंडळींच्या फोनवर एक संदेश फिरतो. त्याचा मजकूर साधारण असा : ‘मोटारसायकलची लेड-ॲसिड बॅटरी काढून फेका, लिथियम टाका. वजन पाव, आयुष्य दहा वर्षं. ४ एएचची लिथियम १२ एएचच्या जुन्या बॅटरीचं काम करते. कडाक्याच्या थंडीत पहिल्याच सेल्फला गाडी सुरू. ऊन, पाणी, चार्जर कशाचीच काळजी नाही. एकदा टाका आणि विसरा.’ (एएच म्हणजे ॲम्पिअर-तास, बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप.)

लिथियम बॅटरी वाईट आहे असं मी म्हणत नाही. काही गाड्यांना ती उत्तम बसते. पण हा संदेश वाचून लोक लेड बॅटरीच्या कितीतरी पट पैसे मोजतात आणि गाडीचं चार्जिंग कसं आहे हे बघतच नाहीत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

वजनाचं बरंचसं खरं आहे. ८-९ एएचची लेड बॅटरी अडीच-तीन किलोची असते, तिच्या जागी बसणारी लिथियम किलोभराच्या आसपास. शर्यतीच्या गाडीत याला मोल आहे. १९५ किलोच्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०वर दोन किलो कमी झाले तर गावातल्या लष्कर भागातून मुरारला जाताना काहीच जाणवणार नाही.

आता दहा वर्षांचं. हा आकडा बहुतेक वेळा ‘दोन हजार सायकल’ (सायकल म्हणजे बॅटरी एकदा पूर्ण भरून रिकामी करणं) या माहितीवरून काढलेला असतो, आणि ती मोजणी प्रयोगशाळेतल्या २५ अंशांच्या आसपासची असते. गाडी सुरू करताना बॅटरीतला अगदी थोडा भाग खर्च होतो आणि तो लगेच भरूनही निघतो. त्यामुळे मोटारसायकलची बॅटरी सहसा सायकल संपून मरत नाही. ती उष्णतेनं, चुकीच्या व्होल्टेजनं किंवा पडून राहिल्यानं मरते. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली त्याहून जास्त तापतं. लेड बॅटरीसाठी ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. लिथियमही उष्णतेत लवकर म्हातारी होते. पॅकसोबतचा कागद वाचा : चार्जिंगच्या वेळच्या तापमानाची वरची मर्यादा त्यावर लिहिलेली असते, आणि अनेक पॅकवर ती ४५ अंशच असते. म्हणजे ‘उन्हाची काळजी नाही’ हे खुद्द बनवणारेच म्हणत नाहीत.

सगळ्यात जास्त फसवणारा मुद्दा ४ बरोबर १२चा. सेल्फ फिरवण्यापुरतं ते बरंचसं खरं आहे, कारण लिथियम लहान असूनही क्षणभर मोठा करंट देऊ शकते. डब्यावर ‘१२ एएच समतुल्य’ लिहितात ते याच अर्थानं. पण साठा मात्र ४ एएचचाच राहतो. लष्करातल्या कितीतरी घरांत मुलगा पुण्याला नोकरीला असतो आणि गाडी दिवाळी ते होळी अंगणात झाकून ठेवलेली असते. गाडीला चोरीचा अलार्म किंवा ट्रॅकर असेल आणि तो २० मिलिॲम्पिअर घेत असेल, तर दिवसाला जवळपास अर्धा एएच जातो. पूर्ण भरलेली १२ एएचची बॅटरी पंचवीस दिवसांत रिकामी होईल, ४ एएचची आठ दिवसांत. गाडी सुरू होणं तर त्याआधीच बंद पडेल. लिथियमचं स्वतःचं गळणं फार कमी, हा तिचा खरा गुण आहे. पण तो टर्मिनल सुटं केलेलं असेल तेव्हाच कामाला येतो. लेड बॅटरी रिकामी राहिली तर आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर जमतो आणि ती निकामी होत जाते. लिथियमच्या पॅकमधला एखादा सेल (पॅक अशा सुट्या सेलांचा बनतो) अडीच व्होल्टच्या बराच खाली जाऊन राहिला तर आतून बिघडतो आणि असा सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं. चांगल्या पॅकमधलं संरक्षक सर्किट त्याआधीच पुरवठा तोडतं. स्वस्त पॅकमध्ये ते सर्किट असेलच असं नाही.

थंडीबद्दल तर संदेश चक्क उलटा आहे. जानेवारीच्या पहाटे आपल्याकडे ३-४ अंश असतात. तेव्हा लिथियम सुस्तावते, आणि पहिला सेल्फ बऱ्याचदा कण्हतो. उपाय सोपा आहे : चावी फिरवून मिनिटभर दिवा लावून ठेवा, मग सेल्फ मारा. करंट वाहिला की सेल आतून थोडे गरम होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात दम येतो. लेड बॅटरीही थंडीत कमजोर पडते, पण तिला हे जागं करणं लागत नाही.

चार्जरच्या मुद्द्यावर मात्र पैसे खरोखर बुडतात. इंजिन गरम करून, चार-पाच हजार आरपीएमला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) बॅटरीच्या टर्मिनलवर लावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसलं तर दोन्ही बॅटऱ्या चालतील. साडेतेराच्या खाली असेल तर लिथियम कधीच पूर्ण भरणार नाही, कारण भरलेली लिथियम नुसती ठेवली तरी १३.३ दाखवते. १४.६च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग, बघा. जुन्या गाड्यांचा रेग्युलेटर बिघडून पंधरा-सोळा व्होल्ट देऊ लागला, तर लेड बॅटरी पाणी उकळवत काही काळ तग धरते. लिथियमचं सर्किट मात्र चालत्या गाडीत बॅटरी तोडतं. मग सगळा अनियंत्रित व्होल्टेज बल्बवर आणि इंजेक्शनच्या ईसीयूवर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यावर. झाशी रस्त्यावर रात्री हे झालं तर दिवाही जाईल आणि इंजिनही. घरचा जुना चार्जर ‘सल्फेट काढण्याच्या’ मोडमध्ये लिथियमला कधीही लावू नका. आणि मीटरवर १२.८ बघून खूश होऊ नका : लेडसाठी ती भरलेली बॅटरी, लिथियमसाठी जेमतेम पाव.

बॅटरीत पाणी भरण्याची कटकट तर सीलबंद लेड बॅटरीतही नाही.

आता दुसऱ्या टोकाचं ऐकू येतं, ‘लिथियम फुटते’. मोटारसायकलसाठी मिळणाऱ्या बहुतेक पॅकमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट असतं. ते फोनमधल्या रसायनापेक्षा उष्णतेत बरंच स्थिर आहे. त्या भीतीनं नको म्हणू नका.

रोज चालणारी, व्होल्टेज तपासलेली, वजन खरोखर महत्त्वाचं असलेली गाडी असेल तर लिथियम खुशाल टाका. महिनोन्‌महिने उभी राहणारी किंवा जुन्या रेग्युलेटरची गाडी असेल तर सीलबंद लेड घ्या, आणि गाडी उभी करताना निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवा.

राहिलं ‘काढून फेका’. लेड बॅटरी फेकायची नसते. नवीन घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि किंमत कमी करतो, कारण तिच्यातलं शिसं पुन्हा वापरलं जातं. ॲसिड नालीत ओतून नुसता डबा भंगारवाल्याला देऊ नका. आणि लिथियम घेताना दुकानदाराला आधीच विचारा, ही संपल्यावर परत घ्याल का? हल्ली बहुतेक ठिकाणी नीट उत्तर मिळत नाही.