कार्बन समन्वयकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!

प्राचार्यांच्या केबिनमधून बाहेर पडताना तुमच्या हातात जी फाइल पडली, तिच्यावर ‘कार्बन फूटप्रिंट’ (म्हणजे कॉलेज वर्षाला किती कार्बन हवेत सोडतं त्याचा हिशोब) असं स्केचपेनने लिहिलेलं असेल आणि आत मागच्या स्वच्छता पंधरवड्याचे फोटो असतील. घाबरू नका. पुण्याच्या कॉलेजात ॲडमिशन कमिटी, एनएसएस आणि गॅदरिंग या तिन्हींतून जो सहीसलामत सुटला, त्याचं कार्बन काय वाकडं करणार? नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, टीम येईपर्यंत फाइल जाड करायची, एवढंच तुमचं काम. उत्सर्जन कमी करा असं तुम्हाला कोणीही सांगितलेलं नाही. नेमणुकीचं पत्र पुन्हा वाचा.

मोजणीचे नियम मात्र माहीत हवेत, म्हणजे ते कुठे वाकवायचे ते कळतं. जगभर चालतो तो जीएचजी प्रोटोकॉल, म्हणजे हरितगृह वायू मोजायची नियमावली. त्यात तीन कप्पे. पहिल्यात आवारात स्वतः जाळलेलं किंवा उडवलेलं: जनरेटरचं डिझेल, कॅन्टीनचे सिलिंडर, एसीतून गळलेला गॅस. दुसऱ्यात महावितरणकडून घेतलेली वीज. तिसऱ्यात उरलेलं सगळं जग: पोरांचं येणंजाणं, कागद, कचरा, खरेदी. तिसरा कप्पा ऐच्छिक आहे. तो तुम्ही उघडायचा नाही.

का, ते एकदाच सांगतो, नंतर विसरून जा. धायरीहून किंवा हडपसरहून एक पोरगी स्कूटरवर येते. जाऊन-येऊन वीस किलोमीटर, वर्षाचे दोनशे दिवस, ॲव्हरेज पंचेचाळीसचं. म्हणजे नव्वदेक लिटर पेट्रोल. लिटरला साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, झाले दोनशे किलो. पार्किंगमध्ये अशा दीड हजार गाड्या असतील तर तीनशे टन. आता विजेचं बघा. वर्षाला दीड लाख युनिट जळत असतील, तर आपल्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे ढोबळ ०.७ किलो धरून होतात १०५ टन. म्हणजे अख्ख्या इमारतीच्या जवळजवळ तिप्पट धूर पत्र्याच्या शेडखाली उभा आहे, आणि तुम्ही स्टाफरूममध्ये एलईडी ट्यूब लावल्याचा फोटो काढताय.

हे एकदा कागदावर आलं की पुढचे प्रश्न येतात, आणि ते फार वाईट असतात. पीएमपीची बस गेटपाशी का थांबत नाही? सव्वासातचं लेक्चर कोणाच्या सोयीसाठी आहे? मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, तिच्या एका स्टेशनला तर चक्क कॉलेजचंच नाव आहे, पोरांना तिकिटात सवलत आहे. मग स्टेशनपासून आपल्या गेटपर्यंत पोरांनी यायचं कसं? यातल्या एकाचंही उत्तर द्यायचं तर टाइमटेबल बदलावं लागेल, आणि या शहरात नदीचा प्रवाह बदलणं त्याहून सोपं आहे. (नदीवर काम चालू आहेच.)

त्यापेक्षा ‘नो व्हेईकल डे’ ठेवा. महिन्याचा पहिला सोमवार. त्या दिवशी गेट बंद. गाड्या मागच्या गल्लीत, सोसायटीच्या ‘येथे वाहने लावू नयेत, हवा सोडली जाईल’ या पाटीखाली लागतात. प्रोटोकॉलमध्ये संस्थेची हद्द आपणच ठरवायची असते, त्यामुळे हद्दीच्या भिंतीपलीकडे जे काही सुटेल, मग तो धूर असो की टायरमधली हवा, ते सोसायटीच्या खाती. रिकाम्या पार्किंगचा जिओटॅग केलेला फोटो मात्र आठच्या आत काढा. साडेआठला ट्रस्टींची इनोव्हा येते.

वृक्षारोपण ५ जूनलाच, पर्यावरणदिनी करायचं. तेव्हा कॉलेजला सुट्टी असते, पावसाचा पत्ता नसतो, जमीन तापलेली असते. थोडक्यात, झाड सोडून सगळ्यांच्या सोयीचा दिवस. खड्डे नवे खणू नका, मागच्या वर्षीचे तसेच रिकामे असतात. एखादा गणिताचा प्राध्यापक म्हणेल, की वाढलेलं झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं धरलं, तरी एका स्कूटरला दहा झाडं लागतील, दीड हजार स्कूटरना पंधरा हजार, आणि आपल्याकडे कॅन्टीनमागे जागा आहे ती बावीस झाडांची. त्याला परीक्षा विभागात पाठवा.

पहिल्या कप्प्याची फार चिंता नको, तो आपोआप स्वच्छ राहतो. जनरेटरचं लॉगबुक मागवा. एक ते एकतीस तारखेपर्यंत एकच निळं पेन, एकच तिरपं अक्षर, रोज ‘११.०० ते ११.३०’, डिझेल दोन लिटर. त्यात रविवार आहेत, लक्ष्मीपूजन आहे आणि एक एकतीस नोव्हेंबरही आहे. इतकी शिस्तबद्ध नोंद ऑडिटरला फार आवडते. एसीचं बिल मात्र जपून. बऱ्याच स्प्लिट एसींत जो आर-४१०ए गॅस असतो, तो एक किलो हवेत गेला तर दोन टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखा होतो. म्हणजे सेमिनार हॉलचा एक गळका एसी वर्षभराच्या दहा स्कूटर पिऊन बसतो. मेकॅनिकला सांगा, बिलावर ‘गॅस भरला’ लिहू नकोस, ‘सर्व्हिसिंग’ लिही. तो तसंच लिहितो. आपल्याआधी बऱ्याच जणांनी सांगितलेलं असतं.

आधारवर्ष, म्हणजे पुढची घट ज्या वर्षाशी ताडून बघायची ते, कोणतं घ्यायचं, यात खरी विद्वत्ता. २०२०-२१ चुकूनही नको. त्या वर्षी कॉलेजला कुलूप होतं, वीज जळली ती वॉचमनच्या खोलीत. त्याच्याशी तुलना झाली तर तुम्ही गुन्हेगार ठराल. ज्या वर्षी नव्या इमारतीचं काम चालू होतं, वेल्डिंग, मिक्सर, लिफ्ट सगळं आपल्याच मीटरवर होतं, ते वर्ष घ्या. पुढे काहीही केलं नाही तरी आलेख उतरतो. आणि ‘नेट झिरो’चं, म्हणजे जेवढं सोडलं तेवढं शोषून हिशोब शून्यावर आणायचं, वर्ष लिहायला लाजू नका. देशाने ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० सांगितलं. तुम्ही २०३० लिहा. प्राचार्य २०२८ ला रिटायर होतायत.

गच्चीवर दहा किलोवॅटचं सोलर आहे. पुण्याच्या उन्हात त्याने वर्षाला चौदा हजारांच्या आसपास युनिटं द्यायला हवीत, म्हणजे सुमारे दहा टनांची बचत. देतंय किती, हे बघायला गच्चीवर जावं लागेल. गच्चीची किल्ली रजिस्ट्रारकडे, आणि रजिस्ट्रार रजेवर. पॅनेलवर मेट्रोच्या कामापासूनची धूळ आहे असं म्हणतात.

ग्रीन ऑडिटला एजन्सी नेमाल तेव्हा रिपोर्ट सही करण्याआधी चाळा. मागच्या खेपेला आपल्या मुलींच्या वसतिगृहातल्या बायोगॅसचं त्यांनी भरभरून कौतुक केलं होतं. आपल्याकडे वसतिगृह नाही.

एक धोका तेवढा सांगून ठेवतो. वायरमन मामा. त्यांना या समितीत अजिबात घेऊ नका. तेवीस वर्षं ते संध्याकाळी सहाला प्रत्येक मजल्याचं मेन पाडून घरी जातात. रात्रभर मीटर का पळतो हे त्यांना ठाऊक आहे: तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबचे दोन एसी, जे सर्व्हरसाठी म्हणून चालू राहतात आणि सर्व्हर मागच्या दिवाळीत भंगारात गेला. ते तुमच्याकडे येतील, चप्पल दाराबाहेर काढतील आणि विचारतील, “सर, मजल्यावार छोटे मीटर बसवले तर? फार खर्च नाही हो. कुठं जातंय ते तरी दिसंल.” त्यांना चहा पाजा. म्हणा, “मामा, ते बघू नंतर. आधी गेटवरचा फ्लेक्स जरा सरळ करा, प्राचार्यांचा फोटो झाडाच्या फांदीआड जातोय. आणि ती फांदी पण पाडा.”