पान सात

डिसेंबरचा शेवटचा आठवडा, महाबळेश्वर, वेण्णा लेक, आणि माझ्या काखेत साडेतीनशे पानांची रहस्यकथा. या चार गोष्टी एकत्र नांदत नाहीत, हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी कादंबरी पुण्यालाच ठेवली असती.

बायको-मुलं आकाशपाळण्याकडे पळाली. "तुम्ही बसा तळ्याकाठी निवांत," असं ती म्हणाली, त्यातला 'निवांत' मी खरा धरला. कठड्यावर बूड टेकलं, सातवं पान उघडलं. 'इन्स्पेक्टरांनी दार ढकललं आणि...'

"सायेब, घोडा?"

नको म्हटलं. "बादल हाय ह्यो, लई शांत." बादलने शांतपणे मान खाली घालून माझ्या पुस्तकाचा वास घेतला. नाकपुडीचा ओला ठसा इन्स्पेक्टरांवर उमटला. "मला वाचायचंय हो," मी काकुळतीला आलो. घोडेवाल्याने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"वाचायचंय व्हय? मग भिलारला जायचं की! पुस्तकांचं गावच हाय त्ये. हितं घोड्यावर बसायचं."

मुद्दा बिनतोड होता. भिलार इथून पाचगणीच्या वाटेवरच. २०१७ च्या मे महिन्यात तिथे पंचवीसेक ठिकाणी, घराघरांतूनही, पुस्तकं मांडली गेली. कुणाच्याही ओसरीवर जाऊन बसा, वाचा, पैसे नाहीत. पण माझी मुलं आकाशपाळण्यात होती आणि गाडीची चावी बायकोच्या पर्समध्ये.

जागा बदलली. कॉर्न पॅटिसच्या गाडीमागे आडोसा दिसला. तिथे तेलाचा धूर होता, पण माणसं नव्हती. 'इन्स्पेक्टरांनी दार ढकललं...' "दादा, एक फोटो काढता का?" एका फोटोचे अकरा झाले, कारण त्यांच्या काकूंचे डोळे दर फोटोत मिटत होते. मग दुसरं कुटुंब आलं, मग नवं जोडपं. अख्ख्या काठावर रिकामा दिसणारा माणूस मी एकटाच, त्यामुळे रांग माझ्यापाशी लागली. पुस्तक वाचणारा माणूस आपल्याकडे रिकामाच समजतात, तो भाग वेगळा. मधेच आमचा धाकटा स्ट्रॉबेरी-क्रीमचा ग्लास घेऊन धावत आला आणि सातव्या पानावर एक गुलाबी थेंब सोडून तसाच परत पळाला.

शेवटी डोकं चालवलं. पाण्यात कोण येणार? वल्ह्याची होडी ठरवली. रांगेत पाऊण तास गेला, पण नंबर लागणार म्हणून पुस्तक उघडायची सोय नाही. होडी काठापासून सुटली, बाजूने धुकं, थंडी, पाण्याचा चुबुकचुबुक आवाज. मी पुस्तक उघडलं.

"तळं नैसर्गिक न्हाई बरं का," होडीवाले काका म्हणाले. "सातारच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधून घेतलं. अठ्ठावीस एकर! बघा, बघा तिकडं." मी बघितलं. न बघणं बरं दिसलं नसतं. माणूस भला होता, आणि फेरी संपेपर्यंत त्याचा इतिहास संपला नाही.

संध्याकाळी परत निघालो. लेकपासून शंभर पावलांवर गाडी थांबली ती थांबलीच. पुढे लाल दिव्यांची माळ, मागेही तीच. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी हॉर्न वाजवून घेतले, मग एकेकाने इंजिन बंद केलं. मुलं मागे झोपली. बायको खिडकीला डोकं टेकून पेंगली. मोबाईलला रेंज नव्हती. मी वरचा दिवा लावला.

इन्स्पेक्टरांनी दार ढकललं. आत कुणीच नव्हतं, ते चुकीच्या घरात शिरले होते. दिवसभर मी या दारापाशी उभा होतो! पण पुढे सरकलो. खून झाला, दुसरा झाला, माळी गायब झाला.

काचेवर टकटक झाली. दिवसभराचं काम संपवून घोडेवाला बादलवर बसून गाड्यांच्या फटीतून आरामात घरी निघाला होता.

"काय सायेब, झालं का वाचून?"

मी मान वर न करता पुस्तक काचेला लावून दाखवलं. पान त्रेचाळीस.

"मग घोडा?" तो म्हणाला. "भिलारला सोडतो."